रात्री दारं धरायला जाणाऱ्या वडिलांसाठी नऊ हजारांची टॅक्टिकल टॉर्च घ्यावी का?

सीनाकाठचा_थोरला

नमस्कार मंडळी. मी राहतो जुळे सोलापुरात, शेत मोहोळ तालुक्यात. तीन एकर ऊस, दोन एकर ज्वारी. वडील ६८ वर्षांचे आहेत आणि गाव सोडायला तयार नाहीत. थ्री फेज लाईटचं तुम्हाला माहीतच आहे, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की वडील एकटे दारं धरायला, म्हणजे एका सरीतून दुसरीत पाणी फिरवायला जातात.

मागच्या पाळीत बांधावर घोणस होती. कुकरची शिट्टी व्हावी तसा आवाज आला म्हणून वडील जागच्या जागी थांबले. मला फोनवर सांगताना म्हणाले, "बॅटरीनं दाखवली नाही रे, तिनंच सांगितलं." हातात दोनशे रुपयांची चार्जिंगची बॅटरी होती. तिचा उजेड पिवळा पडलाय, चार पावलांच्या पुढे नुसता धूर दिसतो. त्या रात्रीपासून मला झोप नाही.

नवी पेठेत एका दुकानात टॅक्टिकल टॉर्च पाहिली. १६०० लुमेन, २१७०० चा (मोठ्या मापाचा लिथियम) सेल, किंमत नऊ हजार. दुकानदाराने शटर अर्धं ओढून भिंतीवर मारून दाखवली, डोळे दिपले. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, तेवढ्यात डीएपीची सहा पोती येतात. पैशाची तयारी मी करेन. पण नऊ हजारांत नेमकं काय मिळतं, आणि ते बांधावर उपयोगी पडतं का, एवढं अनुभवी माणसांनी सांगा.

---

माळावरचा_वारा

नका घेऊ. पाचशेची घ्या, दर वर्षी नवी घ्या. अठरा वर्षांचा हिशोब झाला.

---

उजेडवाला

थोरले, आधी वडील सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. टॉर्च हा माझा दहा वर्षांचा छंद आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भिंतीवर मारलेली टॉर्च बघून निर्णय घेऊ नका. दहा फुटांवरच्या पांढऱ्या भिंतीवर कुठलीही टॉर्च भारी दिसते. लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा सगळा उजेड, आणि कॅन्डेला म्हणजे एका दिशेला तो किती एकवटलाय. लांबचं दिसणं कॅन्डेलावर ठरतं. २००९ साली एफएल१ नावाचं मानक आलं, चांगल्या कंपन्या त्याप्रमाणे मोजून आकडे छापतात. त्यात 'बीम अंतर' म्हणजे जिथे उजेड पाव लक्स उरतो तेवढं अंतर. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं टिपूर चांदणं. हिशोब सोपा आहे: कॅन्डेलाचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा. २०,००० कॅन्डेलाला २८३ मीटर, ५,००० ला १४१. म्हणजे अंतर दुप्पट हवं तर ताकद चौपट लागते, आणि किंमत तिथेच चढते. आता सांगा, तुमचं शेत किती लांब आहे?

लुमेनचा आकडाही नीट वाचा. टॉर्च लावल्यावर अर्धं मिनिट ते दोन मिनिटं या वेळात मोजलेला तो आकडा असतो. त्यानंतर अंग तापतं आणि टॉर्च स्वतःच उजेड खाली आणते. १६०० लुमेनवाली तीन-चार मिनिटांत निम्म्यावर येईल. हा बिघाड नाही, मुठीत मावणारं ॲल्युमिनियम तेवढीच उष्णता झेलतं.

मग महागड्यात काय मिळतं? तर ड्रायव्हर. आत छोटं सर्किट असतं, ते सेल उतरत आला तरी एलईडीला सारखाच करंट देतं. तुमच्या वडिलांच्या बॅटरीत ते नाही, म्हणून ती पहिला अर्धा तास पांढरी आणि मग पिवळी. महागडीचा मधला मोड तासन्‌तास एकसारखा चालतो. शिवाय पाणी अडवणारी रबरी ओ रिंग, जाड काच, आयपीएक्स८ म्हणजे एक मीटरहून खोल पाण्यात टिकण्याची हमी. फेनिक्ससारखी कंपनी टॉर्चला पाच वर्षांची वॉरंटी देते.

माझं मत: उजेड एकसारखा राहतो यासाठी पैसे द्यावेत. १६०० च्या आकड्यासाठी देऊ नयेत.

---

कडक_भाकरी

वर उजेडवाले म्हणतात ते शंभर टक्के. मी ऑनलाइन 'एक लाख लुमेन' वाचून बाराशेची मागवली होती. दुकानाचं नाव घेत नाही. सोबत दोन सेल आले, त्यावर छापलं होतं ९८०० एमएएच. बायकोचा पोळ्यांच्या कणकेचा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला, सेल ठेवला तर २८ ग्रॅम. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतला एक सेल होता, तो ठेवला तर ४६. तेव्हा शंका आली. वाचल्यावर कळलं, १८६५० सेलमध्ये (टॉर्चमध्ये आणि लॅपटॉपमध्ये असतो तो) आजही साडेतीन हजार एमएएचच्या आसपासच मावतं. ९८०० लिहिलेला सेल म्हणजे छापखान्यात तयार झालेला सेल. माझी टॉर्च चाळीस मिनिटांत मान टाकायची.

सेल हातात घ्या, वजन करा. एवढं केलं तरी निम्मी फसवणूक टळते.

---

बार्शीची_लेक

थोरले दादा, मी स्वतः दारं धरते. नवरा नोकरीला पुण्यात असतो, सासऱ्यांचं गुडघ्याचं दुखणं. म्हणून माझं म्हणणं जरा ऐका.

हातात टॉर्च घेऊन दारं धरता येत नाहीत. खोरं दोन हातांनी धरावं लागतं. बारं फोडताना, म्हणजे पुढच्या सऱ्यांना पाणी सोडताना, बॅटरी कुठे ठेवायची? काखेत धरली तर उजेड आभाळात, बांधावर ठेवली तर चिखलात, तोंडात धरली तर दात दुखतात. मी तिन्ही केलंय. शेवटी आठशे रुपयांचा कपाळाला बांधायचा हेडलॅम्प घेतला आणि काम सुटसुटीत झालं. तुम्ही नऊ हजारांची टॉर्च आणाल, आणि वडील ती बांधावर ठेवून अंधारात खोरं मारतील. असंच होतं, मी बघितलंय.

---

उजेडवाला

ताई, तुमचा मुद्दा अगदी बरोबर, हेडलॅम्प हवाच. फक्त एक अडचण सांगतो. हेडलॅम्पचा उजेड डोळ्यांच्या शेजारून निघतो, त्यामुळे जमिनीवरच्या वस्तूची सावली त्या वस्तूमागेच लपते आणि सगळं सपाट दिसतं. हातातली टॉर्च कमरेइतकी खाली धरून चाललं की ढेकळालाही लांब सावली पडते आणि साप पटकन वेगळा दिसतो. काम करताना कपाळावर, चालताना हातात. दोन्ही लागतं.

---

बार्शीची_लेक

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आज रात्री करून बघते. आणि हो, हेडलॅम्पला किडे लागतात ते थेट तोंडावर येतात. ते दुखणंही लिहायचं राहिलं.

---

जुना_हवालदार

'टॅक्टिकल' या शब्दावर लिहितो, कारण ३१ वर्षं रात्रपाळी केली आहे.

टॅक्टिकल म्हणजे काळी आणि दणकट असा समज झालाय. मूळ अर्थ कामाचा आहे. बटण शेपटाला असतं, मूठ आवळून अंगठा दाबला की उजेड आणि सोडला की अंधार. दुसरा हात मोकळा. समोरच्याचे डोळे दिपतील आणि तो क्षणभर थबकेल एवढा झोत. अमेरिकेत शुअरफायरची ६पी ऐंशीच्या दशकात आली, दोन छोट्या लिथियम सेलवर चालणारी, ६५ लुमेनची. तेव्हा ६५ लुमेन म्हणजे डोळे दिपवणारा उजेड होता. यावरून १६०० किती लागतात याचा अंदाज घ्या.

आमच्या वेळी एव्हरेडीची तीन सेलची पितळी बॅटरी होती. वजनदार, हातात असली की आधार वाटायचा. दोष एकच. सेल आत राहिले की पाझरायचे आणि स्प्रिंगवर पांढरं-हिरवं मीठ धरायचं. पॉलिश पेपरने घासून किती रात्री ती चालू केली आहे, मोजदाद नाही. नेमकी गरज पडली की झटका द्यावा लागायचा.

मुलगा आता खात्यात आहे. त्याला मी पहिल्या पोस्टिंगला साडेआठ हजारांची घेऊन दिली आणि मला जराही पश्चात्ताप नाही. त्याच्या कामात टॉर्च एकदाच दाबायची संधी मिळते. पण शेतकऱ्याच्या हातात शेपटाचं बटण असावं एवढंच टॅक्टिकल पुरे. कंगोरेदार तोंड, झगझग उघडझाप करणारा मोड, हे वडिलांना अडचणच करेल.

---

यंत्रमाग_गल्ली

थोडं विषय सोडून, पण उजेडाचंच आहे. आमचा टॉवेलचा कारखाना आहे. रंगवलेल्या सुताची शेड जुळवताना ट्यूबच्या उजेडात दोन मरून एकसारखे दिसायचे, आणि सकाळी उन्हात नेले की एक विटकरी निघायचा. माल परत यायचा. एका ओळखीच्याने ९० च्या वरच्या सीआरआयची टॉर्च दिली. सीआरआय म्हणजे उन्हाच्या तुलनेत रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, शंभरपैकी. त्या टॉर्चखाली दोन्ही मरून लगेच वेगळे दिसले. तेव्हापासून शेड बघायला खिशात तीच असते. तिचे लुमेन फक्त ३५०.

थोरले, वाळलेल्या पाचटात तपकिरी घोणस ओळखायची म्हणजे तेही शेड जुळवण्याचंच काम आहे. निळसर पांढऱ्या उजेडात पाचट आणि साप दोन्ही राखाडी दिसतील. सीआरआय विचारून घ्या.

---

हुरडा_स्पेशल

यंत्रमाग साहेब, हा धाग्यातला सर्वात भारी प्रतिसाद आहे. धागा टॉर्चचा आणि धागा सुताचा, दोन्ही जुळले!

---

बांधावरचा_सर्पमित्र

घोणसेचा धागा दिसला म्हणून आलो. पंधरा वर्षं साप पकडून सोडतो.

टॉर्चच्या आधी गमबूट. सहाशे रुपयांचे, गुडघ्याखालपर्यंत येणारे. घोणस बहुतेक वेळा पायावर, घोट्याच्या आसपास चावते. टॉर्च चुकेल, डोळा चुकेल, बूट पायात असतील तर चुकणार नाहीत. काठीने पुढची जमीन ठोकत चालायचं, सापाला हादरा कळतो. मोटारीच्या पेटीत हात घालण्याआधी आत उजेड मारायचा, कारण स्टार्टरच्या उबेला मण्यार येऊन बसते. मण्यार चावली तर दुखतही नाही, सूजही फारशी येत नाही, आणि माणूस 'मुंगी असेल' म्हणून झोपतो. घोणस, नाग, मण्यार आणि फुरसं, चौघांवर एकच लस चालते आणि ती सरकारी रुग्णालयात मिळते. चावलं तर १०८, पाय हलवायचा नाही, आवळून बांधायचं नाही, ब्लेड लावायचं नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही.

टॉर्चबद्दल यंत्रमागवाल्यांना अनुमोदन. मी स्वतः किंचित पिवळसर, ४५०० केल्विनचा उजेड वापरतो. घोणसेच्या पाठीवरची साखळी त्यात स्पष्ट दिसते. किडेही कमी येतात.

---

माळावरचा_वारा

सर्पमित्रांचं वाचून माझं पहिलं मत मागे घेतो. पाचशेची दर वर्षी घेणं म्हणजे दर वर्षी सहा महिने मिणमिणत्या उजेडात चालणं. मी फक्त पैशाचा हिशोब केला होता.

पण मूळ दुखण्यावर बोला की. मोटारीला ऑटो स्टार्टर बसवा, ठिबक करा, रात्री जायचंच कशाला?

---

सीनाकाठचा_थोरला

वारा साहेब, ऑटो आहे. पण लाईट आली की मोटार सुरू होते, पाणी एका सरीतून दुसरीत जायला माणूस लागतोच. ठिबक दीड एकरावर केलंय, तिथेही उंदरांनी नळी कुरतडली की रात्रीच कळतं. सौर कृषी वाहिनीतून दिवसा लाईट मिळणाऱ्या फीडरवर आमचं गाव अजून आलेलं नाही. ते होईल तेव्हा मी पेढे वाटेन. तोपर्यंत वडील बांधावर आहेत.

---

होटगी_रोड

एक सांगायचं राहून जाऊ नये म्हणून. गेल्या मे महिन्यात मी चांगली टॉर्च गाडीच्या डॅशबोर्डवर दिवसभर ठेवली. आपल्याकडे बाहेरच ४२-४३, बंद गाडीत किती होतं ते हात लावून बघा. सेल कायमचा अर्धा झाला. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो, आणि साठच्या पुढे तो वापरायचाही नसतो. पत्र्याच्या खोलीत दुपारी चार्जिंगला लावू नका. पहाटे लावा.

---

अकलूजचा_पाहुणा

आषाढीला आमच्या दिंडीत एक आजोबा दर वर्षी येतात. अंधार पडला की दिंडीच्या शेवटी चालतात आणि मागून येणाऱ्या गाड्यांकडे नाही, स्वतःच्या पाठीवरच्या पांढऱ्या सदऱ्यावर टॉर्च मारतात. सदरा उजळतो, ड्रायव्हरला माणूस दिसतो आणि कुणाचे डोळे दिपत नाहीत. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो तेव्हा मला ते आजोबा आठवतात.

---

उजेडवाला

थोरले, शनिवारी मी मोहोळला कामासाठी येतोय. माझ्याकडे तुम्ही म्हणता तशीच नऊ हजारांची आहे, आणि कॉन्व्हॉय एस२+ ही साधी, शेपटाच्या बटणाची, ४५०० केल्विनचा एलईडी असलेली, २८०० ची. दोन्ही घेऊन येतो. काकांच्या हातात द्या, त्यांनाच ठरवू दे.

---

सीनाकाठचा_थोरला

मंडळी, शनिवारी रात्री काय झालं ते सगळं लिहितो. उजेडवाले खरंच आले. आईने त्यांना भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.

साडेअकराला लाईट आली. माझ्या मुलाने ठिबकच्या जुन्या नळीचे हातभर लांबीचे पाच तुकडे केले, त्यांना चिखल चोळला आणि खोडव्याच्या पाचटात वेगवेगळ्या सरींत टाकले. वडिलांना फक्त एवढंच सांगितलं की पाच आहेत, चालत जा आणि दिसला की थांबा.

जुन्या बॅटरीने दोन सापडले. एकावर त्यांचा पाय पडला, चपलेखाली नळी दबल्याचा आवाज आम्हाला ऐकू आला. कुणीच काही बोललं नाही.

नऊ हजारांची पूर्ण ताकदीने लावली तर पाचट इतकं चकाकलं की वडील हात आडवा धरून चालले, चार सापडले. मधल्या मोडवर पाचही, सात-आठ पावलांवरून. कॉन्व्हॉयनेही पाचही, तेवढ्याच अंतरावरून, आणि पिवळसर उजेडात काळी नळी जास्त उठून दिसली असं वडिलांनी स्वतःहून सांगितलं. मग हेडलॅम्प. त्यावर तीन, तेही अगदी पायाशी आल्यावर. तोच हेडलॅम्प काढून कमरेपाशी धरला तर पाचही. सावलीचं गणित माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

लांबचं म्हणाल तर आमच्या विहिरीपासून डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) दीडशे मीटरवर आहे. नऊ हजारांवालीने डीपीच्या खांबावरची पाटी दिसली. कॉन्व्हॉयने खांब दिसला, पाटी नाही.

मग घोळ झाला. नऊ हजारांवालीच्या बाजूच्या बटणावर वडिलांचा ओला अंगठा जास्त वेळ दाबला गेला आणि ती झगझग उघडझाप करू लागली. त्यांनी ती बांधावर उलटी ठेवली आणि म्हणाले, "ही डोळे मिचकावणारी मला नको." हवालदार काका, तुम्ही लिहिलं होतं तसंच.

उजेडवाल्यांनी कॉन्व्हॉयचे मोड तिथल्या तिथे बदलून एकच ठेवला. दाबली की लागते, दाबली की बंद. वडिलांनी तीच धरून उरलेली तीन बारी भरली.

शेवटी खरेदी अशी: कॉन्व्हॉय २८००, नामांकित कंपनीचे दोन जादा सेल १४००, चार्जर ९००, हेडलॅम्प ८००, गमबूट ६००. एकूण ६५००. सेलचं वजन कणकेच्या काट्यावर केलं, ४७ ग्रॅम भरलं. कडक भाकरी, धन्यवाद.

---

उजेडवाला

काकूंची शेंगाचटणी अजून डब्यात आहे.

माझं एक म्हणणं मात्र कायम आहे, थोरले. पाण्याच्या बाबतीत नऊ हजारांवाली वरचढ आहे. कॉन्व्हॉय पाटात पडली तर लगेच उचला, ओ रिंग कोरडी पडू देऊ नका. चार-सहा महिन्यांनी थोडं सिलिकॉन ग्रीस लावा, पेट्रोल पंपावरचं साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं.

---

जुना_हवालदार

पाच नळ्यांची परीक्षा फार आवडली. नातवाचं कौतुक सांगा. दोरी लावून गळ्यात अडकवायला सांगा, म्हणजे खोरं मारताना खाली ठेवावी लागणार नाही.

---

बार्शीची_लेक

दादा, मी पण कमरेला धरून चालले. कालच बांधावर बेडूक दहा पावलांवरून दिसला. आधी दिसायचाच नाही. तुमच्या वडिलांनी गमबूट घातले का? आमच्याकडे सासरे 'पायाला घाम येतो' म्हणून घालत नाहीत.

---

सीनाकाठचा_थोरला

ताई, पहिले दोन दिवस नाही घातले. तिसऱ्या रात्री पेटीजवळ धामण दिसली, दहा पावलांवरून. ते उजेड धरून तिथेच उभे राहिले, ती उसात गेल्यावर पुढे गेले. धामण बिनविषारी, त्यांनाही माहीत. पण परत आल्यावर त्यांनी बूट ओट्यावरून उचलून दाराच्या आत, चपलांच्या जागी ठेवले. आईने आज सकाळी सांगितलं, त्यात ज्वारीच्या कणसाचा कोंडा अडकला होता, म्हणजे काल घातले होते.

दोरी मुलाने विणून दिली आहे, सोलापुरी चादरीच्या काठाच्या सुताची.